पिसं शेवटी बघायची

मडक्याच्या भोकातून फक्त चोच बाहेर आली होती. जाडजूड चोच, बुडाशी मिशांसारखे राठ केस. फॉरेस्टच्या तांदळे गार्डनं मोबाईलची बॅटरी मारली तसं डोळ्याभोवतीचं केशरी कातडं चमकलं, आणि पक्षी सर्रकन आत गेला.

"ह्यो कंचा म्हणायचा?" तांदळेनं विचारलं.

माझ्या दादाच्या, धनाजीच्या, तोंडातून शब्द फुटेना. सांगलीत आमचं पक्ष्यांचं दुकान. पुढं लव्हबर्ड, फिंच, जावा, सगळा परदेशी माल. परदेशी पक्षी पिंजऱ्यात चालतो. आपल्या रानातला ठेवला की वनखातं उचलतं. दादा एकदा पोपटांच्या भानगडीत सापडला होता, तेव्हा साहेबानं सांगितलं होतं, परत दिसलास तर थेट आत. तरी त्यानं हा घेतला. मागच्या गल्लीत चिंच तोडली, तिच्या ढोलीत सापडलेला कुटुर्गा. हिरवागार, दुपारभर कुटुर्र कुटुर्र करत बसणारा. कुणीतरी चुगली केली आणि तांदळे आला.

वहिनी दारात उभी होती. सातवा सरत आलेला, एक हात पोटावर, एक चौकटीवर. आमचे आईबाप नाहीत. दादा आत गेला असता तर घरात मी, ती आणि पोटातलं, एवढेच राहणार होतो.

"आफ्रिकेचा आहे, साहेब," मी म्हटलं.

दादानं माझ्याकडं असं बघितलं जसं काय मीच पिंजऱ्यातून बोलले.

"आफ्रिकेचा?"

"ते बघा की." भिंतीवर पक्ष्यांच्या दाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्या महिन्याच्या पानावर एक पक्षी होता, पाठ काळीकुट्ट, छाती लाल, चोचीखाली दाढी. खाली नाव, बिअर्डेड बार्बेट, आफ्रिका. चोच तशीच जाड. मिशा तशाच. डोळ्याभोवती उघडं कातडं, फक्त पिवळं. "तोच हा. लाजाळू असतो. दिवसा बाहेर येत नाही."

तांदळेनं कॅलेंडरचा फोटो काढला. मडक्याकडं बघितलं, परत कॅलेंडरकडं. "मला काय कळतंय त्यातलं. परवा हिर्लेकर सर येतील. ते म्हणले आफ्रिकेचा, तर आफ्रिकेचा." मग पिंजऱ्याच्या दाराला दोरा गुंडाळून लाखेचा शिक्का मारला. "पक्षी हलला, मेला, उडाला, काय बी झालं, तर पुरावा गायब केला म्हणून दोघं भाऊ-भन आत जाशीला."

तो गेल्यावर दादानं शटर अर्धं ओढलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

"अक्कल गहाण ठेवलीस काय? हिरव्या पक्ष्याला आफ्रिकेचा म्हणतीस?"

"मग तू का गप्प बसलास? तुझी दातखीळ बसली होती म्हणून मी बोलले!"

"हिच्या जिभेला हाडच नाही," वहिनी रडत म्हणाली. "शाळेत पण असंच केलं, आता घरात."

शाळेचं नाव निघालं की माझं डोकं सटकायचं. आणि त्यात हिर्लेकर.

हिर्लेकर सर आम्हाला दहावीला विज्ञान शिकवायचे. पक्ष्यांचे मोठे जाणकार, गळ्यात दुर्बीण, पेपरात फोटो. एकदा वर्गीकरण शिकवताना त्यांनी फळ्यावर लिहिलं, आधी चोच, मग पाय, पिसं शेवटी. "पिसं फसवतात," ते म्हणाले. "चोच आणि पाय खोटं बोलत नाहीत. चला, उदाहरण घेऊ. शिंगटे, पुढे ये. हात मागे." मी गेले. त्या दिवशी मी वहिनीचा नवा स्वेटर घातला होता. सर पोरांना म्हणाले, "पिसं बघून काय वाटतं? चांगल्या घरची. आता पाय बघा." माझी एक चप्पल तारेनं बांधलेली होती. "आता चोच उघडायला लावू. शिंगटे, बोल, वर्गीकरण म्हणजे काय?" मी बोलले ते आमच्या गल्लीसारखं. अख्खा वर्ग खिदळला. सर म्हणाले, "ओळखलंत? उकिरड्यावरची साळुंकी."

मी बाकावरची कंपासपेटी उचलली आणि मारली. चष्मा फुटला. माझी शाळा तिथंच संपली. मग मी लग्नांत मेंदी काढायला लागले.

"हिर्लेकर पिसं शेवटी बघतो," मी दादाला म्हटलं. "रंगाचं मी बघते. पण आधी चोच करायला पाहिजे."

"चोच करायची म्हणजे?"

मी त्याला कॅलेंडरजवळ ओढलं. "नीट बघ. आफ्रिकेवाल्याच्या चोचीला दाते आहेत. वरच्या चोचीच्या कडेला, करवतीसारखे. आपल्याची सपाट आहे."

दादानं डोळे बारीक करून बघितलं. "हे तुला बरं दिसलं."

"मला सगळं दिसतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कामाला लागलो. दाराचा शिक्का तसाच ठेवून पिंजऱ्याचा खालचा ट्रे ओढला आणि फटीतून दादानं हात घालून पक्षी काढला. त्यानं दादाचं बोट असं धरलं की सोडायला मला त्याच्या नाकावर टिचकी मारावी लागली.

आधी ब्लीच. पार्लरमधलं, तोंडाला लावायचं. हिरव्यावर लाल चढत नाही, विटकरी होतं. मी छातीवर आणि पोटावर ब्लीच लावलं. पिसं उचलून खालून पण लावावं लागतं, नाहीतर वारं आलं की हिरवं दिसतं. पक्ष्यानं डोळे मिटून घेतले. त्याच्या छातीचं कातडं लालभडक झालं. वहिनी मागून म्हणाली, "अगं, जळतंय त्याला."

"तुम्हाला नवरा पाहिजे का नको?"

ती आत निघून गेली.

हिरवं पिवळट झालं तसा मी त्यावर आळता चढवला. पाठीवर, डोक्यावर, पंखांवर काळी मेंदी, केसांना लावायची. डोळ्याभोवतीच्या केशरीवर हळद. पोटाच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा ब्लीचचाच राहू दिला. कोनानं एकेक पीस सुटं केलं. मला सांगायला लाज नाही, मी इतकं चांगलं काम कुठल्याच नवरीच्या हातावर केलेलं नाही. दादा माझ्या हाताकडं बघतच राहिला.

"च्यायला, उल्के. हा तर त्या कॅलेंडरातून उतरला."

"दाढी राहिली." मी आमच्या शेजारच्या कुत्र्याचे काळे केस कापून आणले होते. डिंकानं चिकटवले.

मग चोच. दादाकडं सुतारकामाची तीनधारी कानस होती. त्यानं पक्षी मांडीत धरला, कानस चोचीच्या कडेला टेकवली, आणि न घासताच खाली घेतली.

"माझ्याच्यानं नाही होत."

"पोपट पकडताना होत होतं?"

"उल्के, हा बघतोय माझ्याकडं."

"दे इकडं. तू धर."

मी घासायला लागले. नखासारखं असेल असं वाटलं होतं. वरवर तसंच होतं, भुस्सा पडत होता. जरा आत गेल्यावर रक्त आलं. चोचीत रक्त असतं हे मला माहीत नव्हतं. पक्षी तोपर्यंत गप्प होता, आता तो ओरडला. कुटुर्र नाही. लहान पोराचं बोट दारात सापडल्यावर येतो तसला आवाज. पुढं दुकानातले सगळे लव्हबर्ड एकदम चिडीचूप झाले.

"बास झालं," दादा म्हणाला.

"एका बाजूलाच केलंय."

"बास म्हणतोय ना!"

"हिर्लेकर दोन्ही बाजू बघणार. धर नीट."

दुसरी बाजू पण केली. दोन्हीकडं दोन-दोन दाते. रक्त थांबायला हळद दाबली. शेवटी रंग पक्का व्हायला मेंदीवर लावतात ते लावलं, लिंबू-साखरेचं पाणी. कापसानं टिपत टिपत पाठीपासून शेपटीपर्यंत. माझ्या हाताला सवयच ती. मेंदी झाली की लिंबू-साखर.

पक्षी परत आत सोडला. तो मडक्यात गेला नाही. पिंजऱ्याच्या तळाशी बसला, चोच उघडी ठेवून. मिटत नव्हती.

सकाळी हिर्लेकर सर तांदळेबरोबर आले. चष्मा नवा. केस पिकले होते. मला बघून थांबले.

"अरे वा. शिंगटे. इथे घरटं आहे होय तुझं."

दादानं खुर्ची पुसून दिली. "बसा सर. चहा?"

"आधी पाहुण्यांना भेटू दे. आफ्रिकेहून आलेत म्हणे."

तांदळेनं लाख तोडली. सरांनी हातात रुमाल घेऊन पक्षी बाहेर काढला. तो झटापट करत नव्हता. सरांनी खिशातून छोटं भिंग काढलं.

आधी चोच. त्यांनी एक बाजू बघितली, दुसरी बाजू बघितली, अंगठ्यानं दाते चाचपले.

"दाते आहेत," ते म्हणाले.

दादानं माझं मनगट पकडलं.

मग पाय. "दोन बोटं पुढे, दोन मागे. बरोबर." मग त्यांनी पक्षी परत पिंजऱ्यात ठेवला. पिसांना हातच लावला नाही. वाटलं, हिर्लेकर, तुझ्याच फळ्यावरचं तुला खायला घातलं.

सर पिंजऱ्यापाशी वाकलेलेच राहिले. बराच वेळ. मग त्यांनी खिशातलं पेन काढून गजावर आडवं ठेवलं. पेनावर एक मुंगी चढली. मग दुसरी. आता मलाही दिसलं. टेबलाच्या पायापासून पिंजऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. शेजारच्या फिंचच्या पिंजऱ्यावर एक नाही, जावावर एक नाही. सगळ्या याच्या पाठीवर, पंखांत, आणि चोचीच्या खाचेत.

"तांदळे," सर पाठ न वळवता म्हणाले, "गाडीतून माझी पाण्याची बाटली आणा बरं."

गाडी गल्लीच्या तोंडाशी होती. तांदळे गेला. पाण्यानं आळता उतरणार, ते दादाला कळलं.

सर माझ्याकडं वळले. मुंगी पेनावरून त्यांच्या बोटावर आली होती. ती त्यांनी फुंकर मारून उडवली.

"साखर का लावलीस?"

मी रंगलेली बोटं मुठीत लपवली.

"मेंदीवर लावतात तशी, नाही का? माझ्या मुलीच्या लग्नात बघितलंय. चोच छान केलीस हं. माझ्या वर्गात लक्ष होतं तुझं म्हणजे."

"सर," दादा हात जोडून म्हणाला, "बायको गरोदर आहे. पाया पडतो."

"तू गप्प बस. मी विद्यार्थिनीशी बोलतोय." त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "ऐक शिंगटे. हा देशी निघाला, तर मी आज संध्याकाळी याला दंडोबाच्या डोंगरात सोडतो. धुऊन, औषध लावून. पिसं नवी येतील, चोच वाढेल. जगेलही. आणि तुझा भाऊ आत. कळलं?"

"हो."

"आफ्रिकेचा निघाला, तर भाऊ घरी. पण परदेशी पक्षी आपल्या रानात सोडता येत नाही. तो आयुष्यभर पिंजऱ्यात. नव्या बागेतलं पक्षीघर माझ्या देखरेखीखाली आहे. वेगळा पक्षी हवाच आहे त्यांना उद्घाटनाला. देशी मला ठेवता येत नाही. आफ्रिकेचा येतो."

"मग लिहा की आफ्रिकेचा," मी म्हटलं.

"मी कशाला? मी खोटं लिहीत नाही. तू ओळखायचा. तांदळेंच्या समोर. तू सांगशील ते मी लिहीन." ते हसले. "माझा चष्मा फोडलास त्या दिवशी सगळे म्हणाले, पोरगी वाया गेलेली. मी म्हटलं, नाही, नजर आहे तिला. नेम बघा तिचा."

माझ्या हाताजवळ टेबलावर कानस पडली होती. ती त्यांनी बघितली. मी बघितली. दारात वहिनी उभी होती. ती मान हलवत होती. नको, नको.

तांदळे बाटली घेऊन आला. दादानं डोळे मिटले. सरांनी झाकण उघडलं, पिंजऱ्यावर हात नेला, तिथं जरा थांबले. मग बाटली तोंडाला लावून दोन घोट प्यायले.

"उकाडा फार," ते म्हणाले. "तांदळे, ही माझी जुनी विद्यार्थिनी. ओळख तिच्याकडूनच ऐकू. शिंगटे, उभी राहा नीट. हात मागे."

मी उभीच होते. हात मागे घेतले.

"चोच?"

"जाड. कडेला दाते."

"सर म्हण."

"जाड. कडेला दाते, सर."

"पाय?"

"दोन बोटं पुढे, दोन मागे, सर."

"पिसं?"

"पाठ काळी, छाती लाल, सर."

"आणि कुठला हा?"

बाहेर, तोडलेल्या चिंचेच्या पलीकडं वड आहे. तिथून दुसरा कुटुर्गा ओरडायला लागला होता. कुटुर्र, कुटुर्र, कुटुर्र. पिंजऱ्यातल्यानं मान वर केली. त्याचा गळा फुगला. चोच मिटत नसल्यानं नुसती हवा बाहेर आली, आवाज काही निघाला नाही.

तांदळेनं विचारलं, "काय झालं ओ त्याला?"

"आफ्रिकेचा आहे, सर," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"आफ्रिकेचा आहे, सर!"

"शाबास." त्यांनी कागदावर लिहायला घेतलं. "पहिल्यांदाच बरोबर उत्तर दिलंस."

पिंजरा त्यांनी स्वतः उचलून नेला. वरून रुमाल टाकला होता. मुंग्यांची रांग टेबलावर जरा वेळ इकडं तिकडं फिरली आणि मोडली. दादा माझ्या पाया पडायला आला, मी त्याला ढकललं. वहिनीनं त्या दिवशी भाताबरोबर दोन भाज्या केल्या. मी सगळं जेवले.

त्याला चार वर्षं झाली. दादानं दुकान बंद केलं, आता रिक्षा चालवतो. वहिनीला मुलगा झाला. मल्हार. मी आता एकवीसची आहे, मेंदीची कामं भरपूर मिळतात. मल्हार माझ्या अंगाखांद्यावरच वाढला आणि डोळ्यांनी माझ्यावर गेला. गल्लीतल्या वडावर कुटुर्गा कुठल्या फांदीला भोक पाडतोय ते मोठ्यांना दिसत नाही, त्याला दिसतं.

परवा त्यानं हट्ट धरला म्हणून त्याला बागेत नेलं. इतके दिवस मी टाळत होते. पोरांची झुंबड, भेळवाले, फुगेवाले. पक्षीघराला मोठी जाळी, आत सगळं परदेशी. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यावर पितळी पाटी. दाढीवाला बार्बेट. मूळ ठिकाण आफ्रिका. ओळख पटवणारे, हिर्लेकर.

पिसं गळून नवी आली होती. सगळा हिरवा. डोकं तपकिरी, डोळ्याभोवती केशरी. कुत्र्याच्या केसांची दाढी कधीच गेली होती. चोचीवरचे दाते झिजले होते, पण वरची चोच एका बाजूला वाकडी वाढली होती. तो पपईचा तुकडा उचलायचा, तुकडा पडायचा, परत उचलायचा. आमच्या पुढं एक बाई पोरीला पाटी वाचून दाखवत होती, "हा बघ, लांब आफ्रिकेतून आलाय." पोरगी पाटीकडंच बघत होती.

मल्हारनं जाळीला नाक लावलं.

"आत्या, हा तर कुटुर्गा! आपल्या वडावरचा!"

आसपासचे लोक हसले. ती बाई म्हणाली, "नाही रे बाळा, आफ्रिकेचा आहे तो."

"नाही! कुटुर्गाच आहे! मला माहितीये! आत्या, सांग ना यांना!"

पक्ष्यानं पपई सोडली आणि मान वळवून एका डोळ्यानं आमच्याकडं बघितलं.

मी मल्हारच्या कानाखाली लगावली. तो इतका दचकला की रडायचंच विसरला. बाई पोरीला घेऊन बाजूला झाली. मी खाली बसले, त्याचे दोन्ही हात धरून त्याच्या पाठीमागं नेले आणि तिथं दाबून धरले.

"कुठला आहे?"

त्याचे ओठ थरथरायला लागले. "वडावरचा..."

मी हात अजून दाबले. "नीट सांग. कुठला?"

त्यानं पिंजऱ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"आफ्रिकेचा," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"आफ्रिकेचा!"

"शाबास," मी म्हटलं.